गुलामांनी जिंकलेला डोंगर

इटलीच्या दक्षिणेला सिसिली नावाचे मोठे बेट आहे. त्या बेटाच्या जवळजवळ मध्यभागी, समुद्रसपाटीपासून ९३१ मीटर उंच डोंगरमाथ्यावर एन्ना हे पुरातन गाव वसले आहे. सहलीच्या कंपन्या प्रवाशांना सिसिलीत नेतात ते समुद्रकाठच्या ताओर्मिनाला आणि एटना ज्वालामुखीला. एन्नाकडे फारसे कोणी फिरकत नाही. पण भीमाच्या लेकरांनी या बेटावर एकच गाव पाहायचे ठरवले, तर ते एन्नाच असावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. इसवी सनापूर्वी १३५ च्या सुमारास याच डोंगरावर गुलामांनी मालकशाही उलथून टाकली आणि सुमारे तीन वर्षे स्वतःचे राज्य चालवले. सम्राट अशोकानंतर शंभरएक वर्षांचा हा काळ. आपल्याकडे भाजे येथील लेणी खोदली गेली, ती याच शतकात.

गावाचे रेल्वे स्टेशन खाली दरीत आहे, त्यामुळे कातानिया शहरातून बसने जाणे सोयीचे. वळणावळणाचा घाट चढून बस वर येते. डोंगरावर धुके फार. आम्ही पोहोचलो तेव्हा दहा पावलांवरचे दिसत नव्हते. तासाभराने धुके विरले आणि समोरच्या टेकडीवर कालाशिबेत्ता हे दुसरे गाव असे उभे राहिले, की जणू एखाद्याने दगडांची उतरंड रचून ठेवली आहे. गावाच्या टोकाला लोंबार्दिया नावाचा किल्ला आहे. त्याच्या वीस बुरुजांपैकी आता सहाच उरले आहेत. त्यातल्या पिसाना बुरुजावर चढले, की आकाश स्वच्छ असल्यास एटनाचे शिखरही दिसते. किल्ला बघण्यासारखा आहे, पण राजे-रजवाड्यांचे किल्ले आपण आपल्या मुलखातही पुष्कळ पाहिले आहेत.

आम्हांला पाहायचा होता तो किल्ल्याबाहेरचा पुतळा. बेड्या तोडणारा, उघड्या अंगाचा एक माणूस. हा युनस. जवळच्या शिलालेखात लिहिले आहे त्याचा आशय असा, की अब्राहम लिंकनने निग्रोंना मुक्त केले त्याच्या दोन हजार वर्षे आधी या गडावरून एका सामान्य गुलामाने आपल्या सोबत्यांसाठी स्वातंत्र्याची आरोळी ठोकली. लिंकनचे नाव तिथे दिसताच आम्हांला महात्मा फुल्यांची आठवण झाली. १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ जोतीरावांनी अर्पण केला तो अमेरिकेत गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या लोकांना. पुण्याचा माणूस आणि एन्नाचा दगड, दोघांचीही नजर एकाच ठिकाणी जावी!

हा युनस सीरिया देशातला, गुलाम म्हणून इथे विकला गेलेला. त्या काळी सिसिली हे रोमचे धान्याचे कोठार होते. मैलोन्‌मैल गव्हाची शेती, आणि ती कसायला अंगावर डाग दिलेले गुलाम. डॅमोफिलस नावाच्या जमीनदाराकडे त्याचे उघडे गुलाम कपडे मागायला गेले. त्याने विचारले, रस्त्याने जाणारे वाटसरू काय उघडे हिंडतात? म्हणजे जा, त्यांना लुटा! एवढ्यावर न थांबता त्याने त्यांना खांबाला बांधून फटके दिले. युनसचा मालक निराळा. आपण एक दिवस राजा होणार, असे युनस सांगत असे. मालक त्याला जेवणावळीत पाहुण्यांपुढे उभा करी. राजा झाल्यावर आमचे काय करशील, असे विचारून पाहुणे हसत आणि एखादा ताटातला तुकडा त्याच्यापुढे टाकी. पुढे चारशे गुलाम एकत्र आले, रात्री एन्नात घुसले, आणि युनस खरोखरच राजा झाला. ज्यांनी तुकडा दिला होता, त्यांना त्याने जीवदान दिले.

आणखी एक गोष्ट आमच्या भगिनींसाठी. डॅमोफिलस आणि त्याची बायको दोघेही क्रूर होते, दोघेही मारले गेले. पण त्यांची मुलगी गुलामांना दया दाखवीत असे, मार खाल्लेल्यांच्या जखमा बांधीत असे. बंडवाल्यांनी तिच्या केसालाही धक्का लावला नाही. आपल्यातले काही जण सोबत देऊन त्यांनी तिला कातानियाला नातेवाइकांकडे सुखरूप पोहोचवले.

मात्र याच गुलामांनी शहरात घुसल्यावर तान्ह्या मुलांनाही सोडले नाही, असेही लिहिलेले आहे. ते आम्ही झाकणार नाही. तथागतांचा धम्म मानणाऱ्याला ते पटणारे नाही. पण लिहिले कोणी, हेही पाहिले पाहिजे. डायोडोरस हा इतिहासकार याच परिसरातल्या आजिरा गावचा, बंडानंतर सुमारे शंभर वर्षांनी लिहिणारा. त्याच्या लेखी युनस म्हणजे तोंडातून जाळ काढणारा जादूगार आणि भित्रा माणूस. गुलामांच्या बाजूने लिहिलेली एक ओळही उरलेली नाही. उरले आहे ते एक लहानसे नाणे. त्यावर धान्याच्या देवीचा मुखवटा, गव्हाची ओंबी आणि युनसने धारण केलेले राजाचे नाव, अँटिओकस. ज्याची किंमत नाण्यांत मोजली गेली, त्याने स्वतःचे नाणे पाडले. आपल्या पूर्वजांचा इतिहास दुसऱ्यांच्या बखरींतून खरवडून काढावा लागतो, हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या नाण्याचे मोल वेगळे सांगायला नको.

इसवी सनापूर्वी १३२ मध्ये रोमन सेनापती रुपिलियस याने बंड मोडले. एन्नाचा डोंगर लढून जिंकता येत नव्हता, तो फितुरीने पडला. युनस कैदेत आजाराने मेला. आज जिथे प्रवासी समुद्राचे फोटो काढतात, त्या ताओर्मिनात पकडलेल्या गुलामांना हाल करून कड्यावरून ढकलून दिले होते. आमच्या सहलीचा मुक्काम तिथेच होता. वाटाड्याने आईस्क्रीम कुठले चांगले ते सांगितले, याबद्दल अवाक्षर काढले नाही.

गुलामगिरी तेवढ्यावर संपली असेही नाही. एन्नाच्या आसपास गंधकाच्या खाणी होत्या. फ्लोरिस्तेल्लाची खाण १९८६ पर्यंत चालली, आता तिथे उद्यान केले आहे. या खाणींत एके काळी गरिबांची लहान मुले पाठीवर गंधकाचा दगड वाहत. आईबापांना आधी उचल द्यायची आणि ती फिटेपर्यंत पोर खाणीत. आपल्याकडच्या सालगड्याची उचल ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हा हिशेब लगेच कळेल. अमेरिकेतील निग्रो पुढारी बुकर टी. वॉशिंग्टन हे स्वतः गुलाम म्हणून जन्मलेले. १९१० साली सिसिलीतल्या अशा खाणी त्यांनी पाहिल्या आणि पृथ्वीवर नरक याहून जवळचा नसेल, अशा अर्थाचे लिहून ठेवले.

कोणाचे जाणे झालेच, तर गावात केशर आणि काळी मिरी घातलेले पिवळे चीज मिळते, ते जरूर चाखावे. किल्ल्यापुढे खडकाचा एक उंच सुळका आहे. गव्हाच्या देवीचे देऊळ पूर्वी तिथे होते. तिथून खाली आजही गव्हाची शेते दिसतात. पुतळा पाहायला तिकीट लागत नाही. अंगावर जाड स्वेटर मात्र असू द्यावा, वर वारा फार.