गोवर: पुरळ गेलं, पण सोबत काय घेऊन गेलं?

2022 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मुंबईत गोवंडीला गोवरची साथ आली. लहान मुलं दगावली. तेव्हा इकडे अकोल्यात ऐकलेलं वाक्य: "गोवरानं कुठं कोण मरतं? एकदा अंगावर निघाला की सुटलो!"

घोळ इथेच आहे. हा विषाणू श्वासातून आत शिरतो, फुफ्फुसांतल्या रोगप्रतिकारक पेशींनाच पकडतो आणि त्यांच्यातूनच अंगभर फिरतो. चोर पोलिसांच्याच गाडीतून! दहा-बारा दिवसांनी ताप, सर्दी, लाल डोळे. मग कानामागून, चेहऱ्यावरून पुरळ. पुरळ म्हणजे आपल्या पेशी त्वचेतल्या विषाणूवर तुटून पडल्याची खूण. पण त्याच्या चार दिवस आधीपासूनच पोरगं इतरांना गोवर वाटत असतं.

खरा खेळ पुढेच. जुने आजार लक्षात ठेवणाऱ्या 'मेमरी' पेशी असतात ना, गोवर नेमका त्यांनाच मारतो. आमच्या कोडिंगच्या भाषेत, सर्व्हर चालू पण डेटाबेस उडाला, बॅकअपही नाही. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या मुलांच्या जुन्या अँटिबॉडीजपैकी 11 ते 73 टक्के गोवरानंतर गायब होत्या. मग न्यूमोनिया, जुलाब यांना रान मोकळं.

लशीतला विषाणू दुबळा केलेला असतो, तो मेमरी पुसत नाही. पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा 16 ते 24 महिन्यांत, सरकारी दवाखान्यात फुकट. गोवर झालाच तर डॉक्टर 'अ' जीवनसत्त्वाचे दोन डोस देतात. आजीला उशाशी कडुलिंबाचा पाला ठेवायचाय? ठेवू दे. ते दोन डोस तेवढे चुकवू नका.