क्लब कुणाच्या जिवावर?

खेड्यातील फुटबॉल क्लबचे आयुष्य बहुधा एका माणसाच्या उत्साहाइतकेच असते. एखादा तरुण शिक्षक गावात रुजू होतो, मोकळ्या शेतात बांबूंचे गोलपोस्ट उभे राहतात, वर्गणीतून चेंडू येतो आणि दोन-तीन वर्षांत पंचक्रोशीत संघाचे नाव होते. पुढे शिक्षकाची बदली होते आणि चेंडू कपाटात जातो. शहाद्यासारख्या तालुक्यात आणखी एक अडचण आहे. दिवाळी उलटली की नंदुरबार जिल्ह्यातील असंख्य आदिवासी कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातची वाट धरतात. काळ्या मातीतला चिखल वाळून मैदान खेळण्याजोगे होते, नेमके तेव्हाच खेळणारे तरुण परमुलखात असतात.

पैसा असता तर असे क्लब टिकले असते, असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुस्थिती मात्र निराळी आहे. मुंबईचा महिंद्रा संघ १९६२ साली स्थापन झाला. 'महिंद्रा युनायटेड' या नावाने त्याने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली, आणि २०१० साली कंपनीच्या एका निर्णयाने तो बंद झाला. गोव्यात २०१६ साली साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो या तीन नामवंत क्लबांनी महासंघाच्या नव्या योजनेचा निषेध म्हणून आय-लीगमधून अंग काढून घेतले. त्यांची तक्रार रास्त असेलही. परंतु निर्णय मालकांचा होता, प्रेक्षकांचा नव्हे.

याउलट कोल्हापूरकडे पाहावे. पाटाकडील तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम, शिवाजी तरुण मंडळ हे संघ पेठांचे आणि तालमींचे आहेत. या ईर्ष्येपायी मैदानावर हाणामाऱ्याही होतात, हे नाकारता येणार नाही. तथापि एक आश्रयदाता गेला म्हणून पेठ आपला संघ मोडीत काढीत नाही. आणि अशाच वातावरणातून अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. स्पेनमधील बार्सिलोना हा जगप्रसिद्ध क्लबही एका धनिकाचा नसून एक लाखाहून अधिक सभासदांचा आहे. सभासदच मतदानाने त्याचा अध्यक्ष निवडतात.

हे तत्त्व शहाद्याला परके नाही. सातपुडा साखर कारखाना याच भूमीत सहकारातून उभा राहिला. भाग, सभासद, वार्षिक सभा हे शब्द येथील शेतकऱ्याच्या तोंडचे आहेत. सहकारालाही गटबाजीची कीड लागते, हेही तो जाणतो. तरीसुद्धा घरटी अल्प वर्गणी, जाहीर वाचला जाणारा हिशोब आणि दरवर्षी निवडला जाणारा चिटणीस एवढी व्यवस्था असली, तरी शिक्षकाच्या बदलीने संघ मोडणार नाही. स्पर्धाही जिल्ह्याच्या सोयीने होळीच्या सुमारास ठेवावी; कारण त्या सणाला आदिवासी माणूस जेथे असेल तेथून गावी येतो.

१५ सप्टेंबर २०१७ रोजी राज्य शासनाने एकाच दिवशी दहा लाख मुलांना फुटबॉल खेळविण्याचा संकल्प केला होता. त्यासाठी शाळांना चेंडूही दिले होते. चेंडू वरून येऊ शकतो, क्लब येत नाही. तो गावालाच घडवावा लागतो, आणि गावाने घडविला तरच मोडताना गावाला त्याची हळहळ वाटते.