बचावपटूचे डोके

१७ मार्च २०१९ची रात्र. अंधेरीच्या शहाजीराजे क्रीडा संकुलातील मैदानावर इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना जादा वेळेत गेला होता. एकीकडे बेंगळुरू एफसी, दुसरीकडे एफसी गोवा. नव्वद मिनिटांत गोल नाही, आणि जादा वेळही सरत आलेला. ११७व्या मिनिटाला कॉर्नरवरून चेंडू आला आणि बेंगळुरूच्या एका बचावपटूने उडी मारून तो डोक्याने गोलमध्ये धाडला. सामना १-० असा संपला. तो बचावपटू होता राहुल भेके, आपल्या मुंबईचा मराठी मुलगा.

आरोग्याच्या सदरात फुटबॉल कशाला, असे वाचक म्हणतील. कारण असे की माझ्या तुर्भ्याच्या दवाखान्यात हल्ली गुडघा फुटलेली, घोटा मुरगळलेली जी मुले येतात, त्यात क्रिकेटवाल्यांच्या बरोबरीने फुटबॉलवालेही असतात. इथून रेल्वेने जुईनगर ओलांडले की नेरूळ. तिथल्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकाचे सामने झाले, २०२२ साली त्याच वयाच्या मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामनाही झाला. तेव्हापासून आमच्याकडे चेंडू पायाने खेळणारी मुले-मुली वाढली. मैदान नसले तर ट्रक उभे राहतात त्या मोकळ्या जागेत खेळतात. त्यांच्यापैकी ज्याचे अंग थोराड आणि उंची जास्त, त्याला हमखास मागे, बचावाला उभे करतात. चेंडू उंच आला की ‘डोके घाल’ अशी आरोळी उठते. आज त्या डोक्याविषयीच लिहायचे आहे.

आधी भेकेची कारकीर्द थोडक्यात पाहू, कारण या जागेवर खेळणारा माणूस काय कमावतो हे त्यातून कळते. त्याचा जन्म ६ डिसेंबर १९९०चा. मुंबई एफसी, ईस्ट बंगाल, केरळ ब्लास्टर्स, पुणे सिटी अशा संघांतून खेळत २०१७ साली तो बेंगळुरूकडे गेला. भारतीय संघात जागा मिळायला २०१९ साल उजाडले, तेव्हा वय होते २८. एवढ्या वयात पुष्कळ खेळाडूंचे गुडघे कुरकुरू लागलेले असतात. पुढे तो मुंबई सिटीकडे आला. एप्रिल २०२२ मध्ये सौदी अरेबियातील रियाध येथे आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये मुंबई सिटीने इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ असे हरवले. त्या स्पर्धेतला भारतीय क्लबचा हा पहिलाच विजय होता, आणि निर्णायक गोल भेकेचा. तोही कॉर्नरवरून, तोही डोक्यानेच. ४ मे २०२४ रोजी कोलकात्यात मोहन बागानला ३-१ असे नमवून मुंबई सिटीने सुपर लीगचा करंडक जिंकला तेव्हा कर्णधार तोच होता. वय तेहतीस. त्यानंतर तो पुन्हा बेंगळुरूकडे गेला.

बचावपटूचे गोल क्वचित होतात, म्हणून ते लक्षात राहतात. त्याने परतवून लावलेले चेंडू मात्र कुणी मोजत नाही. प्रतिस्पर्धी गोलरक्षकाने लांब मारलेला चेंडू, कॉर्नर, बाजूने गोलसमोर आलेला उंच चेंडू, हे सगळे आधी त्याच्या कपाळावर यायचे. शिवाय सराव वेगळा. सामन्यात पाच-दहा वेळा डोके लावणारा खेळाडू सरावात त्याच्या कितीतरी पट वेळा लावतो. माझ्या मते खरा हिशेब सरावाचाच मांडायला हवा.

याचे पुढे काय होते, हे समजायला इंग्लंडकडे पाहावे लागेल. तिथे हा खेळ शंभरावर वर्षे पगार घेऊन खेळला जात आहे आणि खेळाडूंच्या कामाच्या व मृत्यूच्या नोंदी ठेवलेल्या आहेत. जॅक चार्ल्टन हे नाव जुन्या वाचकांनी ऐकले असेल. कोळशाच्या खाणीच्या गावातला, हाडापेराने उंच असा हा बचावपटू. लीड्स युनायटेड या एकाच क्लबकडून ते १९५२ ते १९७३ अशी एकवीस वर्षे खेळले, ७७३ सामने. इंग्लंडच्या संघात त्यांनाही उशिराच, तिशीच्या उंबरठ्यावर, बोलावणे आले. आणि १९६६ साली धाकटे बंधू बॉबी यांच्यासोबत त्यांनी विश्वचषक जिंकला. डोक्याने चेंडू खेळण्यात त्यांचा हातखंडा होता. जुलै २०२० मध्ये वयाच्या ८५व्या वर्षी ते वारले. अखेरच्या काळात त्यांना कर्करोगाबरोबर स्मृतिभ्रंशही झालेला होता.

१९६६चा अंतिम सामना खेळलेल्या इंग्लंडच्या अकरा जणांपैकी पाच जणांना पुढे स्मृतिभ्रंशाने गाठले. जॅक, बॉबी, रे विल्सन, नॉबी स्टाइल्स आणि मार्टिन पीटर्स. म्हातारपणी हा आजार पुष्कळांना होतो, तेव्हा अकरा माणसांवरून निष्कर्ष काढू नये, हे कुणीही डॉक्टर सांगेल. पण शंका यायला एवढे पुरे होते.

शंका त्याच्याही आधीची होती. वेस्ट ब्रॉमविच अल्बियन या क्लबचा गोल करणारा खेळाडू जेफ अ‍ॅस्टल २००२ साली अवघ्या ५९व्या वर्षी गेला. मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने कारण नोंदवले ते व्यवसायजन्य आजार असे, म्हणजे खाणीत दगड फोडणाऱ्याच्या फुप्फुसाला धूळ लागते त्या जातीचे. आमच्या तुर्भ्याला दगडखाणींची ओळख असल्यामुळे हा शब्द इथे वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

मग ग्लासगोचे डॉ. विली स्ट्यूअर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रीतसर मोजदाद केली. स्कॉटलंडचे ७,६७६ माजी व्यावसायिक फुटबॉलपटू घेतले आणि त्याच वयाची, तशाच आर्थिक परिस्थितीतली सुमारे २३ हजार सामान्य माणसे त्यांच्याशी ताडून पाहिली. २०१९ साली निकाल छापून आला. मेंदू झिजवणाऱ्या आजारांनी मृत्यू येण्याचे प्रमाण खेळाडूंत सुमारे साडेतीन पट होते. २०२१ साली त्याच मंडळींनी खेळायच्या जागेनुसार आकडे मांडले. गोलरक्षकाचा धोका जवळजवळ इतरांइतकाच निघाला. तो चेंडू हाताने धरतो. सर्वांत जास्त धोका कुणाला, तर बचावपटूला, सुमारे पाच पट.

‘पाच पट’ हे शब्द वाचून मुलाचे बूट माळ्यावर टाकू नयेत. २०१९च्या पाहणीत या आजारांनी गेलेले खेळाडू होते शंभरात दोनाहूनही कमी, आणि इतरांत हे प्रमाण अर्धा टक्का. शिवाय हृदयविकाराने आणि फुप्फुसाच्या कर्करोगाने मरण्याचे प्रमाण खेळाडूंत कमी आढळले. सत्तरीपर्यंत तर ते इतरांपेक्षा कमीच मेले. म्हणजे धावण्याचा फायदा खरा आहे. तोटा आहे तो बहुधा डोक्याला बसणाऱ्या धक्क्यांचा. ‘बहुधा’ म्हणतो, कारण अशा पाहणीतून संबंध दिसतो, कारण पूर्ण सिद्ध होत नाही. ते खेळाडू वर्षानुवर्षे पगारी खेळलेले होते, हेही ध्यानात ठेवावे. राहुल भेके किंवा आज खेळणाऱ्या कुणाच्या प्रकृतीबद्दल यातून काहीही म्हणता येत नाही, आणि मी म्हणतही नाही.

आता दवाखान्यातला एक प्रसंग. मार्केटमध्ये माथाडी काम करणारे एक गृहस्थ तेरा वर्षांच्या मुलाला घेऊन आले. मुलगा उंच, बचावाला खेळणारा. दोन संध्याकाळी लागोपाठ डोक्याने चेंडू मारण्याचा सराव झालेला आणि त्याचे डोके ठणकत होते. मी सराव थांबवायला सांगितला तसे वडील हसले. “डॉक्टर, आम्ही पन्नास किलोची गोणी डोक्यावर घेऊन चालतो. हा तर अर्ध्या किलोचा चेंडू!”

प्रश्न बिनतोड वाटतो, म्हणून त्याचे उत्तर नीट देतो. चेंडूचे वजन ४१० ते ४५० ग्रॅम, म्हणजे अर्ध्या किलोलाही कमी. गोणी मात्र हळूच डोक्यावर ठेवली जाते. तिचा भार मणक्यांवर, मधल्या चकत्यांवर, गुडघ्यांवर पडतो. मानदुखी आणि हाताला मुंग्या घेऊन माथाडी बंधू माझ्याकडे येतात ते त्यामुळे. पण त्यात डोके हिसकले जात नाही. चेंडू वेगाने येतो आणि क्षणार्धात डोक्याला झटका देतो. मेंदू कवटीत घट्ट बसवलेला नसतो, तो पाण्यासारख्या द्रवात तरंगत असतो. दह्याचे भांडे हातात धरून एकदम थांबलात तर भांडे थांबते, आतले दही हिंदकळते. तसेच हे. त्यातही डोके गर्रकन वळले तर मेंदूतले बारीक तंतू ताणले जातात. एका झटक्याने सहसा काही बिघडत नाही. वर्षानुवर्षांच्या हजारो झटक्यांबद्दल चिंता आहे.

मुलांचे आणखी एक आहे. अंगाच्या मानाने त्यांचे डोके मोठे आणि मान कच्ची. मोठा खेळाडू चेंडू येताना मान ताठ करतो, खांदे आणि धड डोक्याच्या पाठीशी उभे करतो, चेंडू कपाळाच्या मध्यावर घेतो. दहा वर्षांचे पोर डोळे मिटते आणि चेंडू टाळूवर किंवा कानशिलावर घेते.

म्हणूनच अमेरिकेने २०१५ मध्ये ठरवले की दहा वर्षे आणि त्याखालच्या मुलांनी डोक्याने चेंडू खेळायचाच नाही. इंग्लंडने फेब्रुवारी २०२० मध्ये प्राथमिक शाळेच्या वयातील मुलांच्या सरावातून ते काढले. जुलै २०२१ पासून तर पगारी खेळाडूंनाही सरावात आठवड्याला असे जोरदार फटके दहाच, अशी सूचना दिली. आपल्या भागात मुलांच्या सरावात हे फटके कुणी मोजताना मी पाहिलेले नाही. मोजायला यंत्र लागत नाही, बोटे पुरतात.

माझे पालकांना सांगणे असे. अकरा-बारा वर्षांपर्यंत चेंडू पायानेच खेळू द्या. कौशल्य शिकवायचेच असेल तर फुग्याने किंवा हलक्या स्पंजच्या चेंडूने, हाताने अलगद टाकून शिकवावे. पुढे बाराव्या-तेराव्या वर्षापासून थोडे थोडे, आठवड्यातून एक दिवस, मोजून. सोबत मानेचे व्यायाम हवेत. तळहात कपाळाला लावून मानेने त्यावर रेटा द्यायचा, मान हलू द्यायची नाही, दहा अंक मोजायचे. मग मागून, मग दोन्ही बाजूंनी. फुगवून दगड केलेला चेंडू मुलांच्या सरावाला वापरू नये, आणि आकारही वयाप्रमाणे लहान घ्यावा.

सांभाळायची दुसरी गोष्ट म्हणजे डोक्यावर डोके आदळणे. एका चेंडूसाठी दोघे उडाले की हे होते आणि मेंदूला हादरा बसतो तो जास्त करून असाच. पुष्कळांची समजूत अशी की शुद्ध हरपली तरच मार मोठा. ते खरे नाही. हादरा बसलेल्यांपैकी बहुतेकांची शुद्ध जातच नाही. मुलगा गोंधळल्यासारखा दिसतो, गोल कोणी केला ते आठवत नाही, तोल जातो, उजेड सहन होत नाही, मळमळते, उगीच चिडचिड करतो. यातले एकही लक्षण दिसले तर त्या दिवशी त्याने पुन्हा मैदानात उतरायचे नाही. तोंडावर पाणी मारून ‘जा, खेळ’ म्हणणारे प्रशिक्षक मला भेटले आहेत, त्यांच्याशी वाद घालायला मी आजही तयार असतो. पहिला हादरा ओसरण्यापूर्वी दुसरा बसला तर कोवळ्या वयात मेंदूला घातक सूज येऊ शकते. क्वचित होते, पण जीव जाऊ शकतो.

वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, झोपेतून जागे करणे कठीण होणे, झटका, एक बाहुली मोठी दिसणे, हातापायात कमजोरी, नाका-कानातून पाणी किंवा रक्त, यापैकी काही दिसले तर माझ्यासारख्या लहान दवाखान्यात वेळ न घालवता थेट मोठ्या रुग्णालयात न्यावे. मानेत फार दुखत असेल तर मुलाला ओढून बसवू नये. एरवी पहिला दिवसभर मोठे माणूस जवळ असावे. दुखण्यावर पॅरासिटामॉल चालेल, पण अ‍ॅस्पिरिन किंवा ब्रुफेन स्वतःच्या मनाने देऊ नये. स्कॅन ‘नॉर्मल’ आला म्हणून हादरा बसलाच नव्हता असे होत नाही. स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसतो, हादरा दिसत नाही.

पहिले एक-दोन दिवस आराम, मोबाईल आणि टीव्ही बेताने. मग चालणे, मग शाळा, मग हलके धावणे. त्रास उलटला तर एक पायरी मागे. २०२३ साली ब्रिटनने हौशी खेळाडूंसाठी जे नियम काढले, त्यांत इजा झाल्यापासून किमान २१ दिवस सामना नाही आणि शेवटचे १४ दिवस कोणतेही लक्षण नसावे, असे आहे. हे आमच्या मुलांनाही लागू करायला हरकत नाही. शाळेची स्पर्धा तीन आठवड्यांत संपून जाते, हे मला ठाऊक आहे.

त्या माथाडी गृहस्थांनी जाताना विचारले, डोक्याला बांधायची ती मऊ पट्टी दुकानात मिळते, ती आणू का? आणायला हरकत नाही. कपाळ फुटणे, खोक पडणे तिने काहीसे टळते. आतला मेंदू हिंदकळायचा तो हिंदकळतोच, आणि पट्टी बांधलेली मुले जास्त धीटपणे डोके घालतात, असा माझा अनुभव आहे. ते पैसे चांगल्या बुटांवर घालावेत.