जुन्या गीताचे नवे वारस

गीत रचणारा मनुष्य जातो, ते प्रथम गाणारा कंठही कालांतराने मुका होतो. गीत मात्र एखाद्या परक्या घराचा उंबरठा ओलांडून तेथे सुखाने नांदू लागते. अमेरिकेतील एका लहान शहराच्या तीन तरुणांनी आपल्या आजोबांच्या काळातील एक भक्तिगीत असेच आपल्या घरी आणले, आणि त्या गीताच्या नावाने पुढे संगीताची एक शाखाच ओळखली जाऊ लागली. ‘अंकल टुपेलो’ नामक त्या वाद्यवृंदाची ही हकीकत आहे.

प्रथम त्या गीताविषयी दोन शब्द. सन १९२९ मध्ये अमेरिकेत आर्थिक मंदीचा कहर सुरू झाला. बँका बुडाल्या, कारखान्यांची दारे बंद झाली, शेतमालाला भाव उरला नाही. त्या हलाखीच्या दिवसांतील एक भक्तिगीत १९३६ साली कार्टर कुटुंबाने ध्वनिमुद्रित केले. ‘नो डिप्रेशन इन हेवन’ असे त्याचे नाव. म्हणजे, स्वर्गात मंदी नाही. ज्याच्या घरी चूल पेटण्याची भ्रांत आहे, त्याला या शब्दांत केवढा दिलासा वाटला असेल, हे सांगावयास नकोच. हे कार्टर कुटुंब व्हर्जिनियाच्या डोंगराळ मुलखातले. ए. पी. कार्टर, त्यांच्या पत्नी सारा आणि भावजय मेबेल अशी तिघे जण गात. ए. पी. हे खेडोपाडी हिंडून जुनी गीते गोळा करीत. लेस्ली रिडल नावाचे एक कृष्णवर्णीय गिटारवादक पुष्कळदा त्यांच्यासोबत असत. कार्टर शब्द टिपून घेत आणि रिडल चाल ध्यानात ठेवीत. गीतांचे हे धन अशा रीतीने पायपीट करून जमविलेले होते.

आता अर्धशतक ओलांडून आपण इलिनॉय राज्यातील बेलव्हिल या गावी येऊ. मिसिसिपी नदीच्या एका तीरावर सेंट लुईस हे मोठे नगर, तर पलीकडे पूर्वेस थोड्या अंतरावर बेलव्हिल. कोळशाच्या खाणी आणि ओतकामाचे कारखाने यांवर हे गाव वाढले. पुढे ते धंदे ओसरले, तशी तेथील तरुणांपुढे उद्याची चिंता उभी राहिली. जे फॅरार आणि जेफ ट्वीडी हे तेथील शाळेतले सोबती. ट्वीडी यांचे वडील रेल्वेत नोकरीस होते. फॅरार यांच्या घरी वडीलधारी माणसे वाद्ये वाजवीत व जुनी गाणी गात. ढोल वाजविणारे माइक हायडॉर्न यांच्यासह या दोघांनी १९८७ साली ‘अंकल टुपेलो’ स्थापन केला. त्यांचा आरंभीचा ओढा ‘पंक’ संगीताकडे होता. या संगीतात सफाईपेक्षा वेगाला व संतापाला मान असतो. मोजके सूर आणि विजेवर चालणाऱ्या गिटारींचा कल्लोळ, एवढ्यावर ते उभे असते.

त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका जानेवारी १९९० मध्ये बोस्टन येथे अवघ्या दहा दिवसांत तयार झाली. खर्च सुमारे ३,५०० डॉलर. प्रसिद्ध करणारी कंपनीही लहान व स्वतंत्र होती. गीतांचे विषय गावातलेच होते: कारखान्यातील राबणूक, मद्याच्या बाटलीत बुडणारा माणूस, हाती काम नसलेल्याची कुचंबणा. चाल संथपणे सुरू होई आणि मध्येच गिटारींचा गडगडाट होऊन पुन्हा शांत होई. या साऱ्यांच्या सोबतीस त्यांनी कार्टर कुटुंबाचे ते जुने भक्तिगीत साध्या साथीवर गायिले आणि ध्वनिमुद्रिकेला त्याचेच नाव दिले: ‘नो डिप्रेशन’. विशेष हे की, त्यात थट्टेचा लवलेश नव्हता. आजोबांच्या पिढीचे दुःख आपल्याही गावाचे आहे, हे त्यांनी ओळखले होते.

१९९१ नंतर अमेरिकेत कर्कश गिटारींचे संगीत एकाएकी बाजारात फार खपू लागले. कोणीही त्या लाटेवर स्वार झाला असता. या तरुणांनी मात्र उलट वाट धरली. १९९२ च्या मार्च महिन्यात जॉर्जिया राज्यातील अथेन्स या गावी, नामांकित वादक पीटर बक यांच्या देखरेखीखाली, १६ ते २० या पाच दिवसांत त्यांनी बहुतांशी विजेविना वाजणाऱ्या वाद्यांवर आपली तिसरी ध्वनिमुद्रिका पुरी केली. त्या तारखा हेच तिचे नाव. तीत खाणकामगारांना हाक देणारे एक जुने गीत आहे; कोळशाच्या गावच्या मुलांच्या तोंडी ते उपरे वाटत नाही.

पुढील भाग मात्र खेदाचा आहे. १९९३ मध्ये मोठ्या कंपनीने त्यांची ‘अॅनोडाइन’ ही ध्वनिमुद्रिका काढली, नावलौकिक दाराशी आला, आणि नेमक्या त्याच वेळी दोघा मित्रांची मने फाटली. जानेवारी १९९४ मध्ये फॅरार यांनी वाद्यवृंद सोडण्याचा निश्चय व्यवस्थापकास कळविला. ट्वीडी यांना तो थेट मित्राच्या तोंडून ऐकावयास मिळाला नाही, याचे त्यांना फार वाईट वाटले. तथापि वाद्यवृंदापायी व्यवस्थापकाच्या डोक्यावर कर्ज झाले होते. ते फिटावे म्हणून दोघांनी अबोला धरूनही आणखी एक दौरा केला आणि १ मे १९९४ रोजी सेंट लुईस येथे शेवटचे गायन केले. मैत्री तुटली तरी देणे चुकविले नाही, ही गोष्ट त्यांच्या बाजूने नोंदली पाहिजे.

घर दुभंगले, पण ठेव बुडाली नाही. फॅरार यांनी ‘सन व्होल्ट’ आणि ट्वीडी यांनी ‘विल्को’ हा वाद्यवृंद काढला. दोहोंच्या पहिल्या ध्वनिमुद्रिका १९९५ सालच्या. त्याच वर्षी या धाटणीच्या संगीताला वाहिलेले एक नियतकालिक निघाले. त्याचे नाव ‘नो डिप्रेशन’. पुढे ‘अमेरिकाना’ हे नाव रूढ झाले. १९९९ मध्ये या संगीताच्या प्रसारासाठी संस्था स्थापन झाली, आणि २०१० पासून प्रतिष्ठित ग्रॅमी पारितोषिकांतही त्याला स्वतंत्र स्थान मिळाले. आरंभीच्या तीन ध्वनिमुद्रिकांच्या मोबदल्यावरून कंपनीशी वाद झाला, तेव्हा २००० साली वाद्यवृंदाने न्यायालयात दाद मागितली व तडजोडीने त्यांचे हक्क परत मिळविले. विल्कोने तर २०११ मध्ये स्वतःचीच कंपनी काढली.

कार्टर यांनी डोंगरवाटा तुडवून जी गीते वेचली, ती जपून ठेवण्यासाठी नव्हे, गाण्यासाठी वेचली. बेलव्हिलच्या तरुणांनीही ती वडीलधाऱ्यांची हुबेहूब नक्कल म्हणून गायिली नाहीत. आपल्या गावचा राग आणि आपल्या गळ्याचा खरखरीतपणा तीत ओतला. म्हणूनच गाणारे एकमेकांना दुरावले, तरी मंदीच्या काळातील ते गीत आजही दुरावलेले नाही. जुन्या गीताचा वारसा पेटीत कुलूप घालून टिकत नाही. तो घरातल्या तरुण कंठाच्या हवाली करावा लागतो, आणि तेथे त्याचा सूर थोडा बदलला तर वडीलधाऱ्यांनी फारसे मनावर घेऊ नये.