श्रवण आणि पडताळणी : चर्चमधील प्रवचने व पॉडकास्ट

प्रवचनाच्या स्थळी जो उपस्थित नाही, त्याच्यापर्यंत उपदेश कसा पोहोचवावा? आणि जे पोहोचले ते मूळ वक्त्याचेच आहे, याची खात्री श्रोत्याने कशी करावी? उपदेश करणाऱ्या प्रत्येक धर्मापुढे हे दोन प्रश्न उभे राहतात. पहिल्या प्रश्नाला ख्रिस्ती चर्चने आधुनिक काळात दिलेले उत्तर अभ्यासण्याजोगे आहे. दुसऱ्याचे उत्तर शोधताना मात्र पालि वाङ्मयाकडे वळावे लागते.

२ जानेवारी १९२१ रोजी अमेरिकेतील पिट्सबर्ग येथील कॅल्व्हरी एपिस्कोपल चर्चमधील सायंप्रार्थना केडीकेए या रेडिओ केंद्रावरून प्रसारित झाली. १२ फेब्रुवारी १९३१ रोजी व्हॅटिकनचे स्वतःचे रेडिओ केंद्र सुरू झाले. परंतु रेडिओला परवाना, मोठा खर्च आणि ठरावीक वेळ यांचे बंधन असते. कामावर असलेल्या श्रोत्याचे प्रवचन हुकले की ते हुकलेच.

पॉडकास्टने हे बंधन सैल केले. हा शब्द २००४ साली इंग्रजी वृत्तपत्रात प्रथम आला आणि २००५ साली ॲपल कंपनीने आपल्या आयट्यून्समध्ये ही सोय दिल्यावर तो रूढ झाला. त्याची रचना साधी आहे. ध्वनिमुद्रण इंटरनेटवर ठेवतात आणि शीर्षक, दिनांक, वर्णन व ध्वनिमुद्रणाचा पत्ता यांची नोंद एका यादीत करतात. या यादीस फीड म्हणतात. श्रोत्याचा मोबाईल ही यादी वेळोवेळी तपासतो आणि नवे प्रवचन दाखवतो. अर्ध्या तासाचे भाषण ६४ केबीपीएस दराने साठविल्यास सुमारे १४ एमबी जागा घेते, म्हणून लहान मंडळीलाही हे परवडते. अनेक चर्च भक्तिगीते वगळून केवळ प्रवचनच देतात, कारण स्वामित्वहक्क असलेल्या गीतांच्या प्रसारणासाठी स्वतंत्र परवानगी लागते. वक्त्याचे नाव आणि ज्या बायबल उताऱ्यावर प्रवचन आहे त्याचा निर्देशही पुष्कळदा सोबत असतो. अंथरुणास खिळलेला रुग्ण, रात्रपाळीचा कामगार, परदेशी गेलेला सभासद यांना त्यामुळे प्रवचन ऐकता येते.

आता दुसरा प्रश्न. सभागृहातील श्रोता उठून शंका विचारू शकतो. पॉडकास्टच्या श्रोत्यास ती सोय नाही. शिवाय दोन मिनिटांचा तुकडा कापून पुढे पाठविला की संदर्भ गळून पडतो. अलगद्दूपम सुत्तात अरिट्ठ भिक्खूने तथागतांच्या शिकवणुकीचा विपरीत अर्थ सांगितल्याची हकिकत आहे. तेव्हा तथागतांनी त्याला बोलावून घेऊन विचारणा केली. शास्ता हयात असतानाही असे घडत होते. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात या सुत्तासह अशी पाच उदाहरणे नोंदविली आहेत आणि भाणकांच्या मुखपाठात चुका कशा शिरल्या असाव्यात, याची चिकित्सा केली आहे. जे बुद्धिसंगत व तर्कसंगत आहे आणि मानवाच्या कल्याणाशी निगडित आहे तेच बुद्धवचन मानावे, ही त्यांची कसोटी सर्वपरिचित आहे.

महापरिनिब्बान सुत्तातील चार महापदेसांचा आशयही याच दिशेचा आहे. कोणी कितीही अधिकारवाणीने सांगो, ते वचन लगेच स्वीकारू नये, लगेच झिडकारूही नये; सुत्त आणि विनय यांच्याशी ताडून पाहावे. ध्वनिमुद्रणामुळे वक्त्याचे शब्द जसेच्या तसे टिकतात, पण त्या शब्दांतील अर्थ यथार्थ आहे, याची हमी यंत्र देत नाही.

म्हणून आपल्या विहारांनी धम्मदेसनेचे पॉडकास्ट अवश्य करावेत, पण प्रत्येक भागासोबत देसना करणाऱ्याचे नाव, स्थळ, दिनांक आणि आधारभूत सुत्ताचा निर्देश द्यावा. शक्य तेथे लिखित संहिता जोडावी. चूक आढळल्यास पुढील भागात ती उघडपणे दुरुस्त करावी. महिन्यातून एकदा श्रोत्यांना विहारात बोलावून त्यांच्या शंकांसाठी वेळ राखून ठेवावा. ऐकणे ही केवळ पहिली पायरी होय. ऐकलेले धारण करणे, त्याचा अर्थ तपासणे आणि त्यानुसार आचरण करणे या पुढच्या पायऱ्या ज्याच्या त्यानेच चढावयाच्या आहेत.