चाळिशीनंतर पुढचे दात सरळ करताना : आधी जमीन, मग पीक



दातांविषयी कृषी खात्यातल्या माणसाने लिहावे, याचे तुम्हाला नवल वाटेल. भाताची रोपे ओळीत कशी लावावीत हे सांगण्यात माझी नोकरी गेली. तोंडातली ओळ कशी सरळ करावी हे सांगण्याचा मला अधिकार काय? एवढाच, की ही वाट मी पन्नाशी उलटल्यावर स्वतः चाललो आहे आणि पहिलेच पाऊल चुकता चुकता वाचलो आहे.

तीन वर्षांपूर्वी कामशेतजवळच्या एका गावात इंद्रायणी भाताची शेतीशाळा संपली आणि सगळ्यांनी मिळून फोटो काढला. फोटोच्या वेळी बचत गटातल्या एका भगिनीने पदर तोंडाला लावला. "पुढचे दात फाकलेत साहेब, हसायची लाज वाटते," ती म्हणाली. वय असेल पंचेचाळीस. घरी येऊन मी फोटो पाहिला, तर माझेही ओठ घट्ट मिटलेले! माझे खालचे पटाशीचे दात गेल्या काही वर्षांत एकमेकांवर चढले होते. फोटोत ओठ मिटायची सवय केव्हा लागली, ते माझे मलाच कळले नव्हते.

दात या वयात का सरकतात?

तरुणपणी सरळ असलेले दात उतारवयाकडे वाकडे होतात, याची कारणे तीन-चार आहेत. खालचे पुढचे दात वयाबरोबर थोडे दाटतातच. हे पुष्कळांच्या बाबतीत घडते. दुसरे कारण आपल्या निष्काळजीपणाचे. मागची दाढ किडली की आपण ती काढून टाकतो आणि जागा तशीच मोकळी ठेवतो. मग शेजारचा दात त्या जागेत कलतो. अशा दोन-चार दाढा गेल्या, की चावण्याचा सारा भार पुढच्या दातांवर येतो आणि ते बाहेरच्या बाजूला फाकतात.

तिसरे कारण सर्वांत गंभीर आहे. हिरड्यांच्या आजारात दाताभोवतीचे हाड हळूहळू झिजते. बांधाची माती वाहून गेल्यावर कुंपणाचा खांब जसा कलतो, तसा दात कलतो. दुखत काहीच नाही, म्हणून माणूस गाफील राहतो. घासताना रक्त येणे, तोंडाला वास येणे, हिरडी खाली उतरून दात लांब दिसणे, दोन दातांत नवी फट पडणे, ही त्याची लक्षणे. तंबाखू आणि मधुमेह या आजाराला खतपाणी घालतात. आपल्याकडे कितीतरी घरांत आयाबहिणी सकाळी मिश्री लावतात. तव्यावर भाजली तरी ती तंबाखूच. "मिश्रीने दात घट्ट होतात" हा समज साफ चुकीचा आहे.

पारदर्शक साचे म्हणजे काय?

दात सरळ करण्याची तार तुम्ही शाळकरी मुलांच्या तोंडात पाहिली असेल. आता तारेऐवजी पातळ, पारदर्शक प्लास्टिकचे साचे निघाले आहेत. त्यांना क्लिअर अलायनर म्हणतात. मूळ कल्पना जुनी आहे. केसलिंग नावाच्या अमेरिकन दंतवैद्याने १९४५ साली रबराचे असे साधन केले होते. १९९७ साली अमेरिकेत अलाइन टेक्नॉलॉजी ही कंपनी निघाली आणि संगणकावर मापे घेऊन साच्यांची मालिका करण्याची पद्धत रूढ झाली.

एकेक साचा दाताला सुमारे पाव मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी सरकवतो. आठ ते पंधरा दिवसांनी पुढचा साचा घालायचा. काही वेळा पकड यावी म्हणून दातांवर दाताच्याच रंगाचे बारीक उंचवटे चिकटवतात, तर काही वेळा जागा करण्यासाठी दोन दातांमध्ये अगदी थोडे घासतात.

"एवढ्या वयात निबर झालेले हाड कसे वाकणार?" असे मीही विचारले होते. उत्तर ऐका. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ थर असतो. दात ज्या बाजूला दाबला जातो, त्या बाजूचे हाड शरीर स्वतःच विरघळवते आणि मागे मोकळ्या झालेल्या जागेत नवे हाड भरते. ही क्रिया पन्नाशीतही चालते, फक्त सुरुवात थोडी मंद असते. मात्र त्यासाठी दाताभोवती पुरेसे आणि निरोगी हाड हवे. हिरड्या सुजलेल्या असताना दातांवर जोर लावला, तर उरलेले हाडही झपाट्याने जाते आणि सरळ होण्याऐवजी दात हलू लागतो. माती परीक्षणाशिवाय खताची मात्रा ठरवू नका, असे मी तुम्हाला इतकी वर्षे सांगत आलो. तोच नियम इथे आहे.

मी कुठे चुकत होतो

मोबाईलवर जाहिरात पाहून मी घरबसल्या साचे मागवायला निघालो होतो. मापही घरीच घ्यायचे, कुणी तोंडात डोकावायचे नाही. सुदैवाने माझ्या ओळखीच्या दंतवैद्यांनी अडवले. त्यांनी एक्स-रे काढला आणि प्रत्येक दाताशेजारी हिरडी किती खोल सुटली आहे, ते बारीक सळईने मोजले. दोन ठिकाणी आजार निघाला. दहा वर्षांपूर्वी काढलेल्या दाढेची जागाही त्यांनी दाखवली. पहिले तीन महिने फक्त हिरड्यांची खोल सफाई आणि घासण्याची शिस्त, आणि त्यानंतर साचे.

घरपोच साच्यांच्या धंद्यात आणखी एक धोका आहे. अमेरिकेत २०१४ साली सुरू झालेली स्माइलडायरेक्टक्लब ही अशीच एक मोठी कंपनी होती. सप्टेंबर २०२३ मध्ये तिने दिवाळखोरी जाहीर केली आणि डिसेंबरमध्ये ती बंद पडली. ज्यांचे उपचार अर्धवट होते, ते उघड्यावर पडले. तेव्हा तुमचे तोंड प्रत्यक्ष पाहणारा आणि उद्याही भेटू शकणारा डॉक्टर हवा.

मावळातला चहा आणि लोणावळ्याची चिक्की

साचे दिवसाचे वीस ते बावीस तास तोंडात हवेत. जेवताना काढायचे आणि साध्या पाण्याखेरीज काहीही पिताना काढायचे. इथे माझी खरी परीक्षा झाली. मावळात कुणाच्याही ओट्यावर टेकले, की चहा आलाच, आणि नाही म्हटले तर माणूस दुखावतो. साचा तोंडात ठेवून चहा घेतला तर त्यावर डाग पडतात, उष्णतेने तो वाकतो आणि गोड चहा आत अडकून दात किडतात. शेवटी मी दिवसातून दोनच वेळा चहा ठेवला आणि बाकी ठिकाणी पाणी मागितले. दोन महिन्यांत सगळ्यांना सवय झाली. चिक्कीचेही तसेच. साचा काढल्याशिवाय खायची नाही, आणि उंचवटे लावलेले असतील तर नकोच, तुटतात.

काढलेला साचा कागदात गुंडाळून ठेवू नका. एका लग्नाच्या पंगतीत माझा साचा पत्रावळीबरोबर गेला! लहान डबी खिशात ठेवावी. साचा गार पाण्याने धुवावा आणि खाऊन झाल्यावर दात घासून अथवा निदान खळखळून चूळ भरून मगच पुन्हा घालावा. नवा साचा घातला की दोन-तीन दिवस दात दाटल्यासारखे दुखतात; पहिल्या आठवड्यात बोलणेही थोडे बोबडे होते. त्याने घाबरू नका.

माझे चोवीस साचे झाले, वर्ष लागले. पण काम तेवढ्याने संपले नाही. सरळ झालेले दात पुन्हा जुन्या जागी ओढ घेतात, म्हणून रात्री घालायचा साचा पुढेही वापरावा लागतो, तोही वर्षानुवर्षे. कलमाला बांधलेली काठी लवकर सोडली तर कलम पुन्हा कलते, हे तुम्हाला मी वेगळे सांगायला नको.

खर्च करण्यापूर्वी

या साच्यांचा खर्च पुष्कळदा लाखाच्या घरात जातो. हंगामाचे पैसे हातात आले म्हणून घाई करू नका आणि कर्ज तर काढूच नका. साध्या तारेने बहुधा कमी खर्चात काम होते. अवघड दातांना तर तारच बरी पडते. दंत महाविद्यालयांत शिक्षकांच्या देखरेखीखाली उपचार होतात आणि खर्चही बेताचा असतो. लोणावळा-पुणे लोकलने पिंपरीला उतरले की डॉ. डी. वाय. पाटील दंत महाविद्यालय गाठता येते. मुंबईचे शासकीय दंत महाविद्यालय छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळ, सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारात आहे.

डॉक्टरांना या गोष्टी जरूर विचारा :

१. माझ्या हिरड्या आणि हाड दात सरकवण्याजोगे आहेत का?
२. काढलेल्या दाढांच्या जागेचे काय करायचे?
३. तारेने हेच काम होईल का, आणि दोन्हींचा एकूण खर्च किती?
४. उपचार दात सरळ करण्याच्या शास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेले डॉक्टर करणार आहेत का?
५. नंतर किती दिवस आणि किती वेळा दाखवायला यायचे?

मधुमेह असेल किंवा हाडे ठिसूळ झाल्याची औषधे चालू असतील, तर तेही आपणहून सांगा. त्या औषधांतली काही दात सरकण्याच्या आड येतात.

आता त्या भगिनीविषयी. माझ्या आग्रहाने ती नवऱ्याबरोबर तपासणीला गेली. हिरड्या पाहून डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितले, तेव्हा तिला मधुमेह असल्याचे पहिल्यांदा कळले. फाकलेल्या दातांनी दिलेली ती सूचना होती. औषधे सुरू झाली. मिश्री सुटायला सहा महिने लागले. दोनदा सोडून पुन्हा धरली, तिसऱ्यांदा सुटली. तिला साचे लावलेले नाहीत. हिरड्या आणखी बऱ्या झाल्यावर तार लावायची की नाही, ते ठरणार आहे. पण हलणारे दोन दात बरेच स्थिर झाले आहेत.

तेव्हा आज रात्री दात घासताना आरशात नीट पाहा. नवी फट दिसते का, हिरडीतून रक्त येते का? घरातल्या माणसांनाही पाहायला सांगा. काही आढळले तर भात लावणीची गडबड सुरू होण्याआधी एक दिवस काढून दाखवून या.