वृत्तनिवेदक आणि शोधपत्रकार : एडवर्ड आर. मर्रो यांची कारकीर्द

प्रस्तावना :
वृत्तनिवेदकाचे बळ प्रेक्षकांच्या विश्वासात असते, तर शोधपत्रकाराचे पुराव्यात. या दोन्ही भूमिका एका व्यक्तीत एकवटल्यास काय साध्य होते व त्यासाठी कोणती किंमत मोजावी लागते, हे अमेरिकन पत्रकार एडवर्ड आर. मर्रो (१९०८-१९६५) यांच्या कारकिर्दीच्या आधारे स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

विश्वासाची जडणघडण :
मर्रो १९३५ मध्ये सीबीएस या प्रसारण संस्थेत रुजू झाले. १९४० मध्ये लंडनवर जर्मन बाँबवर्षाव होत असताना त्यांनी तेथून नभोवाणीवर केलेल्या वार्तांकनामुळे त्यांचा आवाज अमेरिकेत घरोघरी पोहोचला. ही विश्वासार्हता घेऊनच त्यांनी १९५१ मध्ये निर्माते फ्रेड फ्रेंडली यांच्यासह 'सी इट नाऊ' हा दूरचित्रवाणी कार्यक्रम सुरू केला.

शोधाची पद्धती :
मायलो रॅडुलोविच या हवाई दलाच्या राखीव अधिकाऱ्यावर, वडील व बहीण यांच्या कथित साम्यवादी संबंधांमुळे सेवा गमावण्याची वेळ आली होती. मर्रो यांनी ऑक्टोबर १९५३ मध्ये हे प्रकरण मांडले. वृत्तपत्रीय जाहिरातीचा खर्च संस्थेने नाकारल्याने तो मर्रो व फ्रेंडली यांनी स्वतः केला. पुढील महिन्यात त्या अधिकाऱ्यास सेवेत कायम ठेवण्यात आले.

९ मार्च १९५४ च्या भागात सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांच्याच चित्रित भाषणांतून व चौकशांतून त्यांच्या आरोपांतील विसंगती दाखविण्यात आली. उत्तरासाठी त्यांना वेळ देण्यात आला व ६ एप्रिल रोजी त्यांनी तो वापरला. डिसेंबरमध्ये सिनेटने ६७ विरुद्ध २२ मतांनी मॅकार्थी यांचा निषेध केला. याचे श्रेय एकट्या कार्यक्रमास देता येणार नाही. लष्करासंबंधीच्या सुनावण्यांचाही त्यात मोठा वाटा होता.

स्वातंत्र्याच्या मर्यादा :
१९५५ मध्ये अल्कोआ या कंपनीने प्रायोजकत्व काढून घेतले. कार्यक्रमाची साप्ताहिक वेळ गेली आणि १९५८ मध्ये तो बंद पडला. नोव्हेंबर १९६० मध्ये स्थलांतरित शेतमजुरांच्या हलाखीवरील 'हार्वेस्ट ऑफ शेम' हा माहितीपट मर्रो यांनी सादर केला. मात्र १९६१ मध्ये अमेरिकी शासनाच्या माहिती संस्थेचे संचालक झाल्यावर, हाच माहितीपट बीबीसीने दाखवू नये यासाठी त्यांनी प्रयत्न केले. ते निष्फळ ठरले.

समारोप :
वरील विवेचनावरून असे दिसते की, मर्रो यांची शोधपत्रकारिता उपलब्ध पुरावा, आरोपिताचे स्वतःचे शब्द व प्रतिपक्षास उत्तराची संधी या तीन आधारांवर उभी होती. परंतु ती प्रेक्षकांपर्यंत पोहोचणे संस्था व प्रायोजक यांच्यावर अवलंबून होते आणि शासकीय पदावर गेल्यावर तर त्यांची स्वतःची भूमिकाही बदलली. म्हणून पत्रकारितेच्या अध्यापनात निर्भीडपणाचे केवळ व्यक्तिगत गुण म्हणून गुणगान करणे अपुरे आहे. तो कोणत्या व्यवस्थेत टिकतो, याचाही अभ्यास विद्यार्थ्यांकडून करवून घेणे आवश्यक आहे.